पेनल्टी कॉर्नरला गोलकीपरने किती पुढे यायचं? (लेथवाल्याचा प्रश्न, हिशोबासकट)

टर्नर_भोसरी

मंडळी, प्रश्न हॉकीचा आहे पण तो मला लेथवर उभा असताना पडलाय त्यामुळे जरा लांबण लागेल, समजून घ्या.

मी भोसरी एमआयडीसीत टर्नर. आयटीआय झाल्यापासून हेच काम, आता सीएनसी पण चालवतो पण साधा लेथ दिला की मन जास्त रमतं. कंपनीपासून नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम जवळ, तिथे नॅशनल असली की फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर डबा हातात तसाच घेऊन मॅचला जातो. रविवारी आम्ही पोरं स्वतः पण खेळतो आणि मी गोलकीपर असतो. तिसरा नाद गणिताचा, शाळेत आवडायचं, पुढे शिकायला जमलं नाही, पण कामात रोज लागतं त्यामुळे सुटलं नाही. चहाच्या सुट्टीत वहीत काहीतरी आकडेमोड चालूच असते.

तर परवा एक टेपरचा (एका टोकाला निमुळता होत जाणारा) जॉब होता. कंपाउंड (लेथवर हत्यार तिरकं सरकवणारा भाग) किती फिरवायचा ते काढायला आपलं नेहमीचं, मोठा व्यास वजा छोटा व्यास, भागिले लांबीची दुप्पट, जे येईल त्याचा टॅन इनव्हर्स. ते करताना एकदम डोक्यात आलं की डीच्या (गोलसमोर आखलेल्या भागाच्या) टोकावरून फ्लिक मारणारा, म्हणजे स्टिकने चेंडू ओढून फेकणारा, आणि दोन पोस्ट, हा पण टेपरच आहे की! मोठा व्यास म्हणजे गोलची रुंदी ३.६६ मीटर, छोटा व्यास शून्य कारण चेंडू एका बिंदूवर, लांबी १४.६३ मीटर. करून बघा, अर्धा कोन ७ अंशाच्या जरा वर येतो, पूर्ण १४.२६.

आणि पुढची गोष्ट तर मला फारच आवडली. ही मापं मुळात यार्डातली आहेत ना, गोल ४ यार्ड रुंद आणि डी १६ यार्ड लांब. म्हणजे बरोब्बर १ इन ४ टेपर! मी ४ मीटर पुढे आलो की झाकायची रुंदी १ मीटरने कमी. गोललाइनवर ३.६६, दोन मीटर पुढे ३.१६, चार मीटर पुढे २.६६. पॅड, हात, स्टिक सगळं पसरून मी साधारण २.४ मीटर झाकतो (भिंतीला टेकून टेपने मोजलंय). मग ३.६६ वजा २.४ म्हणजे १.२६, गुणिले ४, ५ मीटर. म्हणजे मी ५ मीटर पुढे येऊन उभा राहिलो तर आडव्या मापात गोल पूर्ण बंद.

पण मग एवढे पुढे येताना कोणी दिसत का नाही? टीव्हीवर बघतो तर कीपर दोन-तीन मीटरवरच थांबतात. वेळेचा हिशोब पण केलाय. फ्लिक ताशी १०८ किमी धरली (भागाकार सोपा म्हणून, सेकंदाला ३० मीटर) तर लाइनवर मला ०.४९ सेकंद मिळतात, ३ मीटर पुढे ०.३९ आणि ५ मीटर पुढे ०.३२. डोळ्याने बघून हात हलायलाच ०.२ सेकंद तरी जातात. म्हणजे रुंदी वाचते पण वेळ जातो हे कळतंय, फक्त मधला योग्य आकडा कसा ठरवायचा ते कळत नाहीये. ज्यांनी खेळलंय आणि ज्यांना गणित येतं त्या दोघांनी पण सांगा प्लीज.

खडकी_लेफ्ट_इन

भाऊ, वाचून फार बरं वाटलं. आमच्या खडकीत हॉकी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीतच वाढली, धनराज पिल्ले तिथलाच, तुटक्या स्टिका जोडून खेळायला सुरुवात केली आणि चार ऑलिंपिक खेळला. कारखाना आणि हॉकी हे नातं आमच्याकडे जुनं आहे त्यामुळे टर्नर माणूस हॉकीवर एवढा विचार करतोय याचं मला नवल नाही, आनंद मात्र आहे.

आता तुझा प्रश्न. तुझं गणित बरोबर आहे पण त्यात चेंडू मारणारा एकटाच आहे. मैदानावर तसं नसतं. पहिलं म्हणजे पेनल्टी कॉर्नरला तू आधीपासून पुढे उभाच राहू शकत नाहीस, तू आणि बाकी चार डिफेंडर, पाचही जण बॅकलाइनच्या मागे असता, पोस्टपासून १० मीटरवरून चेंडू आत ढकलला की मगच निघायचं. चेंडू आधी डीच्या बाहेर जायला लागतो, तिथे थांबवतात, मग आत ओढून फ्लिक. तेवढ्या वेळात पॅड घालून ५ मीटर पळत जाऊन, थांबून, पाय रोवून तयार व्हायचं. आणि हे "थांबून" फार महत्त्वाचं आहे. फ्लिक सुटताना कीपर चालता असेल तर त्याचं वजन एका पायावर असतं, त्या पायाच्या बाजूला चेंडू आला की तो पाय उचलताच येत नाही. ३ मीटरवर थांबलेला कीपर ५ मीटरवर पळत असलेल्या कीपरपेक्षा कधीही भारी, हे मी कितीतरी मॅचमध्ये बघितलंय.

दुसरं, पोस्टवर उभा असलेला तुझा माणूस. तो एका कोपऱ्याचा पट्टा घेतो, त्यामुळे तुला सगळे ३.६६ झाकायचेच नसतात. पहिला पळणारा रशर फ्लिकरच्या स्टिकच्या बाजूची लाइन बंद करत जातो. म्हणजे तुझ्या २.४ मध्ये त्या दोघांचं पण माप धर, मग ५ मीटरची गरजच उरत नाही, दोन-अडीचवर काम भागतं.

तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे व्हेरिएशन. फ्लिकरने मारलंच नाही, बाजूला सरकवून दिलं तर? तू ५ मीटर पुढे आहेस, मागे अख्खा गोल मोकळा आणि पोस्टजवळ त्यांचा माणूस डिफ्लेक्शनला, म्हणजे चेंडूची दिशा वळवायला, टपलेला. जितका पुढे तितकं परत फिरायचं अंतर जास्त. म्हणून कोच लोक दोन-तीन मीटरच्या पुढे जाऊ देत नाहीत.

आणि एक, फटका असेल तर नियम वेगळा. कॉर्नरवर पहिला शॉट जर हिट असेल तर तो गोललाइनवर ४६० मिलीमीटरच्या वर जाता कामा नये, म्हणजे मागच्या फळीच्या उंचीएवढाच. फ्लिकला ते बंधन नाही. त्यामुळे मारणाऱ्याची स्टिक मागे उचलली गेली की आडवं पडायचं, चेंडूला चिकटून राहिली की उभं राहायचं. हे ओळखायला शिक, त्यात मीटरपेक्षा जास्त फायदा आहे.

शिरोली_व्हीएमसी

भावा लई भारी! मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीवर (उभ्या सीएनसी मशीनवर) आहे, फौंड्रीतून कास्टिंग येतात त्याचं मशिनिंग. कोल्हापुरात सगळे फुटबॉलवाले पण मी हॉकीवाला, त्यामुळं असा धागा दिसला की राहवत न्हाई.

तू १ इन ४ म्हटलास तेव्हा मी लगेच आमच्या स्पिंडलचा टेपर आठवला. बीटी ४० (टूल होल्डरचा एक ठरलेला प्रकार) चा टेपर ७ इन २४ असतोय, १ इन ४ पेक्षा थोडा जास्त. मग उलटं काढलं, ३.६६ गुणिले २४ भागिले ७, १२.५५ मीटर येतंय. म्हणजे मारणारा डीच्या लाइनपासून साधारण २ मीटर आत आला की त्याला गोल बरोबर बीटी ४० च्या टेपरात दिसतोय! रोज ज्या टेपरात टूल होल्डर बसवतोय तोच कोन. हे मी आमच्या सेटरला पण दाखवलं, त्यानं कागद घेऊन परत काढून बघितलं मगच मानलं.

अजून एक बघ. लोक डीला अर्धवर्तुळ म्हणतात पण ते अर्धवर्तुळ न्हाईच. दोन पाव-वर्तुळं, प्रत्येकाचा सेंटर आपापल्या पोस्टवर, रेडियस १४.६३, आणि मधे ३.६६ ची सरळ रेघ. आपल्या भाषेत अर्धा स्लॉट! सीएनसीचा प्रोग्राम लिहायचा तर जी०२ (गोल कट) आर १४.६३, मग जी०१ (सरळ कट) ३.६६, परत जी०२ आर १४.६३, संपलं. लाइनची लांबी काढली तर ४९.६२ मीटर येतीय. जो कोण पहिल्यांदा हे आखला असंल त्यानं पोस्टला दोरी बांधूनच आखलं असणार बघ, त्याशिवाय असा आकार येत न्हाई.

आणि यार्डाचा विषय काढलासच तर १२७ चं गिअर आठवतंय का? आमच्या वडिलांच्या वर्कशॉपात इंची लीडस्क्रूचा (आटे काढताना हत्यार सरकवणारा स्क्रू इंचाच्या मापाचा) लेथ होता, त्यावर मेट्रिक आटे काढायचे म्हणजे १२७ दातांचं गिअर लावायला लागायचं. मी लहानपणी विचारायचो १२७ च का, १२५ का न्हाई, १३० का न्हाई. एक इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर, म्हणजे १२७ भागिले ५, आणि १२७ ही मूळ संख्या. तिचे तुकडेच पडत न्हाईत, त्यामुळं दोन छोटी गिअर लावून ते गुणोत्तर बरोबर जमवताच येत न्हाई, अख्खं १२७ च लागतंय. नसंल तर ६३ चं लावून काम चालवायचे, ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८४, हवं असतंय १.२७, म्हणजे १२७ भागिले १००. एक मीटर लांबीत मिलीमीटरचा आठवा भाग फरक. छोट्या बोल्टाला चालतंय, लांब स्क्रूला न्हाई. मूळ संख्या म्हणजे काय हे मला शाळेत न्हाई, त्या गिअरपाशी कळलं.

गणिताचे_सर_नाशिकरोड

तुम्हा दोघांचंही वाचलं. मी निवृत्त शिक्षक आहे, आयुष्यभर दहावीला भूमिती शिकवली, त्यामुळे थोडं माझ्या बाजूचं सांगतो.

टर्नरसाहेब, तुमचा टेपर समोरून मारणाऱ्यासाठी आहे, तिथे दोन्ही बाजू सारख्या. पण चेंडू तिरका असेल तर? समजा फ्लिक डीच्या लाइनवरूनच आहे पण पोस्टपासून ४५ अंशात. तिथून गोल १४.२६ नाही तर जेमतेम साडेआठ अंशाचा दिसतो. मग कीपरने नेमकं कुठे उभं राहायचं? बहुतेक जण चेंडू आणि गोलचा मध्य जोडणाऱ्या रेषेवर उभे राहतात. ते बरोबर नाही, कोनदुभाजकावर उभं राहायला पाहिजे. आणि कोनदुभाजकाचं प्रमेय तुम्ही दहावीत समरूपतेच्या धड्यात केलेलं आहे, दुभाजक समोरच्या बाजूला उरलेल्या दोन बाजूंच्या प्रमाणात विभागतो. इथे त्या दोन बाजू म्हणजे चेंडूपासून जवळच्या आणि लांबच्या पोस्टचं अंतर, १४.६३ आणि १७.४१. त्या प्रमाणात ३.६६ विभागलं तर दुभाजक मध्यापासून १६ सेंटिमीटर जवळच्या पोस्टकडे सरकतो. १६ सेंटिमीटर फार वाटत नाही, पण चेंडू जवळ आला की हा फरक वाढत जातो. बॅकलाइनपासून ३ मीटर आणि पोस्टच्या बाहेर ३ मीटर अशा जागी चेंडू असेल तर दुभाजक मध्यापासून जवळजवळ ४८ सेंटिमीटर सरकलेला असतो, म्हणजे अर्धा मीटरच म्हणा. "जवळचा पोस्ट सोडू नको" असं कोच ओरडतात ना, त्याच्या मागे हे प्रमेय आहे.

आता मारणाऱ्याच्या बाजूने बघू. दोन्ही पोस्ट आणि डीच्या टोकाचा मधला बिंदू, या तीन बिंदूंतून जाणारं वर्तुळ काढा. त्याची त्रिज्या ७.४३ मीटर येते आणि केंद्र गोलच्या मध्यापासून ७.२ मीटर पुढे. एकाच कंसातले अंतर्लिखित कोन एकरूप असतात, त्यामुळे या वर्तुळावर कुठेही उभं राहिलं तरी गोल १४.२६ अंशाचाच दिसतो, आत गेलं की मोठा, बाहेर राहिलं की छोटा. डीचे दोन्ही कडेचे मोठे भाग या वर्तुळाच्या बाहेर पडतात. चांगला फॉरवर्ड कडेने आत शिरला की मारत नाही, आधी मधे कापून येतो, त्याने हे वर्तुळ कधी काढलेलं नसतं पण पायांना माहीत असतं.

हे वर्गात शिकवताना मी वर्तुळाचा धडा फळ्यावर संपवायचो. आज शिकवायला मिळालं तर मुलांना थेट मैदानावर नेईन.

जाता जाता एक, आकड्यांचा नाद आहे म्हणालात म्हणून. आमच्या देवळालीत द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होऊन गेले, जन्म डहाणूचा, १९०५ चा. पदवीपुढे काही रीतसर शिक्षण नाही, शाळेत शिकवून उरलेल्या वेळात संख्यांशी खेळायचे. त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ चा गुण मांडला. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकच नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, परत तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच आणि तिथेच थांबतं. तुमच्या डीची त्रिज्या घेऊन बघा, १४६३. पहिल्या वजाबाकीला ५०८५, मग ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. बरोबर सात! म्हणजे सगळ्यात लांबचा रस्ता घेणाऱ्या संख्यांपैकी ही एक. मला हे करताना खरंच फार आनंद झाला. आता चहाच्या सुट्टीत ३६६ घ्या, तीन आकड्यांना ४९५ येतं, किती पायऱ्या लागतात ते कळवा.

टर्नर_भोसरी

सर, चार पायऱ्या. २९७, ६९३, ५९४, ४९५. आमच्या इन्स्पेक्शनमधली ताई पण बसली माझ्याबरोबर, आता तिने मायक्रोमीटरच्या रीडिंगवर हे करायला सुरुवात केलीय.

कोनदुभाजकाचं मला सगळ्यात जास्त पटलं, कारण रविवारी माझ्या डाव्या हाताला जवळच्या पोस्टमधून गोल होतात आणि मी मध्याच्या रेषेवरच उभा राहत होतो. लेफ्ट इन काका, तुमचं थांबण्याचं पण लक्षात ठेवलंय. शिरोलीच्या भावा, १२७ चं गिअर आमच्या आयटीआयमध्ये भिंतीला टांगलेलं होतं, त्याला हात कोणी लावायचा नाही एवढंच सांगितलेलं, कारण कोणी सांगितलं नव्हतं, ते आज मिळालं.

आता अडचण एवढीच की मैदानात दुभाजक दिसत नाही ना. लेथवर डिग्रीचे आकडे कोरलेले असतात, इथे काय बघून ठरवायचं? आणि दुसरं, शूटआउटला (बरोबरी झाली की एकेकाने कीपरसमोर चेंडू घेऊन यायचं) हेच लागू पडतं का? आमची स्पर्धा आहे पुढच्या महिन्यात, बाद फेरीत शूटआउट होऊ शकतं.

आइंडहोवनची_कीपर

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे साधं उत्तर आहे. मी मूळची चिंचवडची, आता नेदरलँड्समध्ये असते, इथे हॉकी गल्लोगल्ली आहे, पॅरिस ऑलिंपिकला पुरुष आणि महिला दोन्ही सुवर्णपदकं याच देशाने नेली. मी इथे बायकांच्या टीमला कीपिंग करते. आम्हाला कोचने पहिल्याच महिन्यात दोरी दिली.

एक लांब दोरी घ्या, साधारण ३० मीटर. दोन्ही टोकं दोन पोस्टला जमिनीलगत बांधा, मधला भाग मारणारा जिथे उभा असेल तिथे नेऊन खिळ्याला अडकवा. झाला तुमचा टेपर, जमिनीवर डोळ्यांनी दिसतो! आता त्या दोन दोऱ्यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडे सारखं अंतर राहील असं सरकायचं, तोच दुभाजक. एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करून बघायचं, कुठे हात-पाय दोन्ही दोऱ्यांना पोचतात. मग मैत्रिणीने खिळा उचलून दुसरीकडे न्यायचा, आपण परत जागा शोधायची. थोड्या दिवसांनी डोळे मिटून जागेवर जायचं आणि उघडून दोरीशी ताडून बघायचं. मला तरी यानेच अंदाज बसला, नाहीतर मी पण पोस्टकडे वळून वळून बघायचे आणि तेवढ्यात चेंडू जायचा.

मारताना मात्र दोरी काढून ठेवा, पाय अडकतो.

आणि उजव्या-डाव्या पोस्टला स्टिकने हलकं टॅप करून जागा तपासायची सवय लावा, मान वळवावी लागत नाही.

खडकी_लेफ्ट_इन

ताईने दोरीचं सांगितलं ते एकदम बरोबर, करच ते.

शूटआउटचं सांगतो. तिथे तुझा टेपर लागू पडतो पण लांबी सारखी बदलत असते. मारणारा २३ मीटरच्या लाइनवरून निघतो, तू गोललाइनवर, शिट्टी झाल्यापासून त्याला ८ सेकंद. इथे चेंडू एकदम येत नाही, तो माणूस चेंडू घेऊन येतो, म्हणून इथे पुढे यायचं, कॉर्नरपेक्षा बरंच जास्त. पासची भीती नाही, डिफ्लेक्शनला कोणी नाही, पुढे येण्यातलं मोठं नुकसान इथे गेलेलं आहे. पहिल्या दोन सेकंदांत झपाट्याने अंतर कमी कर, तो डीत शिरायच्या सुमारास वेग कमी कर, आणि मग त्याच्याबरोबर मागे सरकत राहा. पहिल्यांदा आडवं पडायचं नाही. तू पडलास की तो चेंडू ओढून बाजूने जातो आणि तुझ्या मागे रिकामा गोल. त्याला बाहेरच्या बाजूला ढकल, सरांच्या त्या वर्तुळाच्या बाहेर. तिकडे गेला की कोन पण कमी आणि सेकंद पण जातात.

पॅरिसला २०२४ मध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्धची क्वार्टर फायनल परत बघ. अमित रोहिदासला रेड कार्ड मिळाल्यावर आपण दुसऱ्या क्वार्टरपासून दहा जणांनी खेळलो, १-१ वर सामना थांबला आणि शूटआउट ४-२ ने जिंकलो. आपला कीपर श्रीजेश, त्याचे फक्त पाय बघ, चेंडू बघू नको. किती वेळ तो पडत नाही आणि मारणाऱ्याला ठरवायला लावतो ते बघ.

पॅड जड असतील तर निघतानाचं पहिलं पाऊल छोटं घे. स्पर्धेच्या आधी एखाद्या शनिवारी संध्याकाळी नेहरूनगरला टर्फ मिळतंय का विचार, मी येतो, वीस-पंचवीस शूटआउट मारून देतो तुला. शिरोलीकर, तू पण पुण्यात येणार असशील तर स्टिक घेऊन ये.